आठ तासांचा ठिपका

जळणं कुणाला चुकलंय हो? पण चन्नबसम्मा जळायची ती कोंड्यासारखी, वरून राख आणि आतून धग. आणि त्या धगीचं कारण फार लांब नव्हतं. एक तुरीचं रान ओलांडलं की पलीकडंच राहत होतं. तिची धाकटी जाऊ, वैजयंती.

झरीच्या पुढं फाट्यावर उतरलं, कॅनलचा पूल ओलांडला की कच्चा रस्ता लागतो. त्या रस्त्यावर दोघा भावांचे आखाडे, म्हणजे शेतातली राहती घरं. आधी धाकट्या महांतेशचा, मग तूर, आणि तुरीच्या पुढं थोरल्या मन्मथअप्पाचा, म्हणजे चन्नबसम्माच्या नवऱ्याचा. तीन वर्षांमागं वाटण्या झाल्या तेव्हा भांडण नाही, तंटा नाही. बांधावर दगड रोवला, दोन्ही घरी पुरण शिजलं, विषय संपला.

त्या सगळ्या शिवाराला तोवर नाव एकच होतं, मन्मथअप्पाचा आखाडा. घराला नंबर नाही, गल्ली नाही, सडकेला नाव नाही. फाट्यावर कुणी विचारलं की हॉटेलवाला किशनराव चहा गाळता गाळता सांगायचा, "कॅनल वलांडा, सरळ जा, पांढरा बैल बांधलेला दिसला की थांबा." बैल कधी दुसऱ्याच्या रानात चरायला गेलेला असला की पाव्हणे तिकडंच जाऊन बसायचे. बसेनात का! नाव तर अप्पाचंच घ्यायचे. लाइनमन असो, जनावरांचा डॉक्टर असो, 'अप्पाच्या आखाड्याच्या अलीकडं' नाहीतर 'अप्पाच्या आखाड्याच्या पलीकडं', असंच सगळं शिवार मोजलं जायचं. चन्नबसम्माला ते ऐकायची पंचवीस वर्षांची सवय होती.

मग वैजयंतीनं नर्सरी काढली. परभणीची, शिकलेली पोरगी. हिरवी जाळी बांधली, मिरची-टमाट्याची रोपं लावली, आणि एके दिवशी अंगणात उभं राहून फोनच्या नकाशात एक लाल खूण रोवून टाकली. नाव दिलं 'वैजयंती नर्सरी'. फाट्यावर पत्र्याचा बोर्डही ठोकला, बाण काढून. झालं! पिंगळीहून माणसं यायला लागली, पाथरीहून जीपा यायला लागल्या, आणि त्याही कुणाला न विचारता. किशनरावाकडं चहाचं गिऱ्हाईक राहिलं, वाट विचारणारं राहिलं नाही.

इथवर चन्नबसम्मानं सोसलं. पण महिनाभरात गॅसची टाकी देणारा दारात उभा राहून फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आलोय मी, वैजयंती नर्सरीच्या थोडं पुढं." थोडं पुढं! तिच्या अंगणात उभं राहून, तिच्याच निंबाच्या सावलीत!

त्याच्यावर मीठ चोळलं ते पोटच्या पोरीनं. अर्पितानं पुण्याहून आईला मिक्सर पाठवला. पत्त्यात काय लिहावं? 'वैजयंती नर्सरीच्या पुढं, झरी.' खोकं अर्थातच वैजयंतीकडं उतरलं. ती ते डोक्यावर घेऊन हसत हसत बांधावरून आली. "आक्का, तुमचं पार्सल!" चन्नबसम्मानं चहा दिला, वर साखर घालून दिला. मिक्सर मात्र आठ दिवस खोक्यातून काढला नाही.

आणि त्यातच निरोप आला की महाराज यायलेत.

मठाचे महाराज तीन-चार वर्षांतून एकदा या बाजूला यायचे. एका शिवारात एकच घर घ्यायचे, आणि या शिवारात ते घर मन्मथअप्पाचं. सासऱ्याच्या हयातीपासूनचा मान होता तो. गाडीतून उतरले की महाराजांचं पहिलं पाऊल अंगणातल्या पायघडीवर पडायचं, मग पाद्यपूजा, मग तीर्थ, मग प्रसाद. चन्नबसम्माकडं आता उरलं होतं ते एवढंच. रस्ता गेला, नाव गेलं, पोरीच्या तोंडातला पत्ता गेला. महाराजांचं पहिलं पाऊल तेवढं तिच्या अंगणात पडत होतं.

तर महाराजांचा जुना ड्रायव्हर म्हातारा झाला म्हणून सुटला होता, आणि योगीराज नावाचा नवा आला होता. त्याचा फोन आला, "अप्पा, मला वाट मालूम न्हाई, लोकेशन टाका." अप्पांनी फोन बायकोच्या हातात दिला. नेमकी वैजयंती तिथंच शेंगा निवडायला बसलेली.

"आक्का, मी टाकू का? मपली नर्सरी नकाशात हायच. तिथवर आले की मी पुढं वाट दाखवीन."

"नको," चन्नबसम्मा इतक्या जोरात म्हणाली की शेंगांतली कोंबडी उडाली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "नको बाई, तुला कामून त्रास? आमचं आमी टाकूत."

त्रास कसला! तिच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं होतं. गाडी आधी नर्सरीपाशी थांबणार. ही बया वाकून नमस्कार करणार, 'महाराज, दोन मिनिटं' म्हणणार, महाराज भोळे, उतरणार. गेलं की पहिलं पाऊल!

लोकेशन टाकायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिनं ते चोरून बघितलेलं होतं. वैजयंती गिऱ्हाइकाला पाठवायची तेव्हा चन्नबसम्मा बांधावर मिरच्या खुडायचं सोंग करून मागून डोकवायची. आधी ती कागदाची पिन दाबायची, मग हिरवा गोल. मग दोन ओळी येतात, वैजयंती खालची दाबते.

पाद्यपूजेच्या दिवशी सकाळी सातला चन्नबसम्मा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून निंबाखाली उभी राहिली. पिन दाबली, गोल दाबला. दोन ओळी आल्या. खालची वैजयंतीची, धाकटीची. मग वरची कुणाची? वर 'लाइव्ह' असं लिहिलेलं होतं. क्रिकेटचा सामना लाइव्ह असतो, मठातलं कीर्तन लाइव्ह असतं, म्हणजे भारीतलंच असणार. तिनं वरची दाबली. फोननं विचारलं, पंधरा मिनिटं, एक तास की आठ तास? आता थोरल्या घरानं पंधरा मिनिटं घ्यायची का? तिनं आठ तास दाबलं आणि फोन कमरेच्या पिशवीत खोचला.

मन्मथअप्पा फेटा बांधून फाट्याकडं निघाले होते. दरवेळी महाराजांची गाडी अडवायला ते तिथं उभे राहायचे.

"कुठं निघालात?"

"फाट्यावर. वाट कोण दाखवील?"

"वैजयंतीचे गिऱ्हाईक येतात तवा भावजी जाऊन उभे राहतात का फाट्यावर? मी लोकेशन टाकलंय. गाडी नीट दारात येती का न्हाई बघा. बसा तुमी."

अप्पा बसले. तीस वर्षांच्या संसारात कुठल्या वेळी बसावं हे त्यांना चांगलं कळलेलं होतं.

आता खरं तर चन्नबसम्मानंही बसायला हवं होतं. पुरण वाटून झालं होतं, कढी उकळून झाली होती, अंगणात सडा पडला होता, पायघडीचं नवंकोरं पांढरं धोतर घडीवर तयार होतं. पण मत्सराला बूड नसतं. तिच्या डोक्यात आलं, ती काय करायली असेल? सडा घातला असेल का?

बघून यावं म्हणून ती तुरीत शिरली. तूर डोक्याएवढी, शेंगांनी लगडलेली. पलीकडच्या कडेला बसलं की नर्सरीचं अंगण समोर दिसतं आणि बसणारा कुणाला दिसत नाही. अंगणात रांगोळी होती. साधीच, पण काय सुबक! चन्नबसम्मा तशीच परत आली आणि आपल्या रांगोळीभोवती तिनं आणखी दोन वेली काढल्या.

मग वाटलं, लुगडं कोणतं नेसली असेल? परत गेली. वैजयंती गाऊनवर होती, हात कोपरापर्यंत चिखलात, रोपांचे ट्रे भरायलेली. सोंग! आयत्या वेळी आत पळणार आणि इरकल नेसून येणार, ओळखून हाय मी.

तिसऱ्यांदा बोर्डाची आठवण झाली. ड्रायव्हर नवा, त्यानं बाण बघितला आणि वळला तर? ती लगालगा फाट्यावर गेली, खताचं एक रिकामं पोतं त्या बोर्डावर घातलं आणि सुतळीनं आवळलं. किशनराव बघत होता. "उन्हानं रंग उडतो म्हून," ती न विचारता म्हणाली. येताना वाट वाकडी करून पुन्हा तुरीत बसलीच. मग एकदा महांतेश हार आणायला गेलाय का ते बघायला, आणि एकदा तर कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पाय जायचे. पायांना तिकडचीच ओढ लागली होती.

दहा वाजत आले. महाराज साडेदहाचे. शेवटचं एकदा बघून यावं आणि मग आरती लावावी, असं म्हणून ती तुरीच्या कडेला जाऊन टेकली, आणि पुलावरून पांढरी गाडी उतरताना दिसली.

अगं बाई! अर्धा तास आधी! तिनं उठायचा विचार केला, तोवर गाडी धुरळा उडवत आली. आता ही इथून सरळ जाईल, मी मागनं पळत पोचते. जा, जा, सरळ जा!

गाडी सरळ गेली नाही. नर्सरीपुढं आली, हळू झाली आणि थांबली.

दार उघडलं. भगवी छाटी दिसली, आणि महाराजांचं अनवाणी पाऊल वैजयंतीच्या अंगणात, नुकत्या शिंपलेल्या काळ्या मातीत, फदकन पडलं. मग दुसरं. पायघडी नाही, आरती नाही, काही नाही.

केला घात! हिनंच फोन केला असणार. माझ्यापुढं गोड गोड आणि मागनं ड्रायव्हरला फोन! देवा शंकरा, हिच्या नर्सरीला कीड लागू दे! असं चन्नबसम्मा मनाशी म्हणाली, वर स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली, कारण महाराज समोर होते.

वैजयंती ट्रे टाकून धावली. हात चिखलाचे म्हणून ते पाठीमागं धरून, जमिनीला डोकं टेकवून उठली आणि घाबरून म्हणाली, "महाराज, हे घर न्हाई! हे आमचं, धाकट्यांचं हाय. पूजा आक्काकडं, पुढं. तुमचे पाय... अहो, पायघडी पण न्हाई इथं."

"असं कसं?" योगीराज फोन पुढं धरून म्हणाला. "लोकेशन तर हेच दाखवायलंय. हा बगा ठिपका. चन्नबसम्मा मन्मथअप्पा, आक्काचा फोटो पण हाय त्याच्यावर. इथंच कुठंतरी..." आणि तो फोनकडं बघत, एक एक पाऊल टाकत, तुरीच्या दिशेनं यायला लागला.

चन्नबसम्मा खाली बसली. आणखी खाली बसली. योगीराजानं शेवटी कंटाळून नंबरच लावला, आणि तुरीतून 'ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय' असा जप सुरू झाला, मोठ्यानं, अर्पितानं फोनात भरून दिलेला. पिशवीच्या नाडीला गाठ बसलेली. ती सुटेना, आणि जप थांबेना.

काय करणार? उठली. डोक्यावर तुरीचा पाला, हिरव्या इरकलीला कुसळं, आणि समोर महाराज.

"शरणार्थी, महाराज," ती हात जोडून मठाच्या रीतीनं म्हणाली.

योगीराजाला तर आनंदच झाला. "बगा, मी म्हणलं न्हाई का! आक्का, सकाळपास्नं तुमचा ठिपका बघायलाव आमी. गाडीत महाराजांना पण दाखवला. घडीत त्या घरी, घडीत फाट्यावर, न् घडीत इथं. पाच वेळा तर इथंच येऊन थांबलात. म्हणलं, बाई किती पळायली महाराजांसाठी! आता सहाव्यांदा इथंच दिसला म्हून मी गाडी हितंच लावली."

पाच वेळा. आताची धरून सहा. फोन जाईल तिकडं जाणारा तो ठिपका पायाला बांधलेल्या घुंगरासारखा सकाळपासून तिच्या मागं होता आणि तिला पत्ता नव्हता. चन्नबसम्माला वाटलं, कॅनलला पाणी असतं तर बरं झालं असतं. तिनं वैजयंतीकडं बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

महाराज नुसते तिच्या डोक्यावरच्या पाल्याकडं बघत राहिले.

बोलली ती वैजयंती. "आमचं असंच असतं महाराज," ती हसून म्हणाली. "आक्का दिवसातनं दहा वेळा येतात माझ्याकडं. तुमाला वाट दाखवायला म्हून थांबल्या असतील. चला आक्का, तुमी पुढं व्हा, मी हात धुऊन आलेच."

चन्नबसम्माला लाज वाटली, हो, लाज वाटलीच. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी पुन्हा जळलंच. एवढं सगळं होऊन वर चांगलं पण हिनंच व्हावं? थोडी तर मला हसली असती!

मग पायघडी अंथरली गेली, आरती ओवाळली गेली. पण पांढऱ्या धोतरावर महाराजांच्या पावलांचे काळे ठसे उठत गेले, दारापासून पाटापर्यंत. सगळ्यांना दिसत होतं की माती कुठली आहे. चन्नबसम्मानं परात पुढं ओढली आणि महाराजांचे पाय हातात घेतले. बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगांत, सगळीकडं नर्सरीची माती. तिनं ती आपल्या बोटांनी काढली, घासून घासून, तीन पाणी घेऊन. धाकटीच्या अंगणातली माती थोरलीनं धुतली, आणि पाणी ओतायला तांब्या धरून शेजारी वैजयंतीच बसली होती. तीर्थ घेताना चन्नबसम्माला ओंजळीच्या तळाशी काळा कण दिसला. नर्सरीचाच होता. तिनं डोळे मिटले आणि घोट घेतला. सोडता येत नव्हता.

जेवणं झाली. विभूती देऊन महाराज बाराच्या सुमाराला पुढच्या गावाला निघाले. गाडीत बसताना चन्नबसम्माला एवढंच म्हणाले, "बाई, वाट लय चालायलीस. जरा टेक."

मागं दोघी जावा परात घासायला बसल्या. मग वैजयंती खाली बघतच म्हणाली, "पाच वेळा आलात आक्का. एकदाबी हाक मारली न्हाई."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तेच वाईट. टोमण्याला उत्तर देता येतं. चन्नबसम्मा परातीचा तोच तो काठ घासत राहिली. "मला वाटायचं," वैजयंती म्हणाली, "सासर म्हणलं की जाऊ येऊन दारात बसती. वाटण्या झाल्यापास्नं तुमी उंबरा वलांडला न्हाई. मी पार्सल घेऊन येते ते काय पार्सलसाठी?" आणि परात पालथी घालून ती गेली.

दुपारी अडीचला चन्नबसम्मा उठली. मिक्सरवर पहिल्यांदाच केलेली शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली. तुरीतून गेली नाही, सडकेनं गेली, भर उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी. फाट्यापर्यंत गेली, बोर्डावरचं पोतं काढलं, घडी करून काखेत घातलं. किशनरावानं तोंड उघडलं तसं "ऊन उतरलंय," म्हणाली. मग मागं फिरून नर्सरीपाशी आली आणि रस्त्यावरूनच ओरडली, "वैजयंते! हायस का घरात?"

वैजयंती दारात आली. बघतच राहिली. मग आत जाऊन तिनं चहा ठेवला.

चहाचा कप हातात आला तेवढ्यात चन्नबसम्माच्या कमरेला जप सुरू झाला. नाडी या वेळी सुटली. योगीराज होता. "आक्का, ठिपका परत नर्सरीत दिसायलाय. महाराज विचारायलेत, काय राहिलं का तिथं?"

चन्नबसम्मानं वैजयंतीकडं बघितलं. "हो," ती म्हणाली. "एक हाक राहिली होती. मारली म्हणावं."

तिनं फोन बाजूला ठेवला. चहाचा घोट घेतला. आलं बेताचं, साखर बेताची, दूध दाट. असला चहा तिच्या हातानं आयुष्यात जमला नव्हता, आणि आत कुठंतरी कोंडा पुन्हा धुमसलाच.

"साखर जास्त झाली," ती म्हणाली, आणि कप रिकामा करून दुसऱ्यांदा पुढं केला.